हातचा

झाकण निघालं तेव्हा आधी दिसला चहाचा डाग,
मग बाबांनी झाळलेल्या तारा, वेड्यावाकड्या,
आणि मधोमध, खोबणीत,
चाळीस पायांचा तो.
पाठीवरचं नाव कुणीतरी कानसून काढलेलं.

बाबा सांगायचे, हा पश्चिमेकडचा.
बुडापेस्टच्या बाजारात घेतला,
कॉफीच्या पुडीत खुपसून सीमा ओलांडली,
कुत्र्यानं हुंगलं, पण भुंकलं नाही.
दर नाताळला कुत्रा थोडा मोठा व्हायचा.
कॉफी मात्र शेवटपर्यंत पाव किलोच.

इल्मेनाऊत नोव्हेंबरमध्ये चारलाच अंधारतं.
आई टेबलाच्या पलीकडे बटाटे सोलतेय.
एरफुर्टच्या कारखान्यात अठरा वर्षं,
पांढऱ्या टोपीत, चाचणी विभागात.
त्याबद्दल ती बोलत नाही.
पेन्शनबद्दल बोलते.

नाव पुसता येतं, बोली नाही पुसता येत.
स्टुटगार्टच्या ऑफिसात मी नऊ वर्षं
ओठ आवळून बोलले,
आणि एका दुपारी 'बटाट्याची भजी' म्हणताना पकडले गेले.
म्हणून त्यालाही मी नाव विचारत नाही.
कामाला लावते.

वीसेक ओळींचा प्रोग्राम, कॅसेटवरून,
किंचाळत किंचाळत चढला.
पहिला हुकूम कुठल्याच पुस्तकात नसलेला.
नंतरच्या पिढीतले त्यावर
दोनशे पंचावन्न असं भरघोस उत्तर देतात.
जुने नुसतं शून्य.
शून्य आलं.
म्हणजे वय जुळलं.

मग दुसरा.
आधी त्याच्या हाती एक हातचा द्यायचा
आणि सांगायचं, हा बाइट तेवढा दाराबाहेर ठेवून ये.
जो अस्सल, तो बाइट ठेवतो
आणि परतताना हातचा सांडतो.
पण एरफुर्टमध्ये, परवानगी न विचारता,
ज्याची हुबेहूब नक्कल झाली,
तो एवढ्या एकाच जागी वेगळा.
हातचा मुठीत धरून परत येतो.

टीव्हीच्या काचेवर उमटलं : हातचा शाबूत.
पुन्हा चालवला. शाबूत.
सात वेळा.
म्हणजे बुडापेस्ट नाही. कॉफी नाही.
कुत्रा तर नाहीच.
गाडीनं तासाभरावरचं एरफुर्ट.

"आई," म्हटलं, "बाबांचा हा…"
पुढचं जमेना.
मेलेल्या माणसाला खोटं पाडायचं
तर निदान दिवा लावून तरी पाडावं.
उठून दिवा लावला.

साल तुटू न देता ती म्हणाली,
"बुडापेस्टचा पहिल्याच हिवाळ्यात जळला.
एरेनफ्रीडनं उलटा बसवला होता.
तीन आठवडे दोष शोधत बसला, तुझ्याच खुर्चीत.
जेवेना. मग एकदा त्याची रात्रपाळी होती…"

तिनं टोपीखालच्या अंबाड्यात एक आणला.
नखं घासायच्या कानशीनं नाव काढलं.
जळका काढून हा बसवला. पाय मोजून, सुलटा.
"सकाळी आल्यावर म्हणाला, सापडलं!
एक तार सैल होती. मी म्हटलं, हो का."

"पण नाव घासलेलं त्यांना दिसलं नाही?"

आईनं बटाटा पाण्यात टाकला.
"दिसलं असेल.
विचारलं नाही कधी.
त्याच नाताळला तो कुत्रा पहिल्यांदा आला."

लहानपणी बेरीज तिनंच शिकवलेली.
हातचा कागदावर लिहायचा नाही, आल्मुट,
मनात धरायचा,
पुढच्या घरात न्यायचा.

काचेवर तीन शब्दही नाहीत, दोनच,
मधूनमधून थरथरणारे.
चश्मा पुसून तिनं ते वाचले,
बराच वेळ वाचले, अठरा वर्षं वाचत होती तसे.

"चाचणीत नापास होता तो," म्हणाली.
"मीच केला होता नापास.
बघ, अजून चालतोय."